ज्येष्ठमधाचं आइस्क्रीम

वीज कार्यालयासमोर घोषणा देऊन आईचा घसा बसला. तिला काहीतरी गार हवं होतं, म्हणून ज्येष्ठमध घालून दूध आटवलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. मशीन नसलं की अर्धवट गोठलेलं दूध पुन्हा पुन्हा काढून रवीनं घुसळावं लागतं, नाहीतर बर्फाचे खडे होतात. मी घुसळत होते आणि वीज गेली. खिडकीतून समोरच्या मॉलची जाहिरात लख्ख दिसत होती. अंधार नेमका आमच्याच वस्तीला का, हे कुणी सांगत नाही. कार्यालयातले साहेब विचारणाऱ्याचा आवाज बसायची वाट बघतात. मी तणतणत राहिले. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ते भाषण साहेबाला ऐकव. वितळलेलंच दे वाटीत. उद्या परत ओरडायचंय मला."