कारेलीबागचे बांगिंगी

सबंध बडोद्यात बांगिंगी लोकांची बाजू घेऊन भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. बांगिंगी कोण, असं तुम्ही विचारलंत तर तुमची चूक नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, डिग्री काचेच्या फ्रेममध्ये हॉलमध्ये लावली आहे, आणि मलाही ठाऊक नव्हतं. फिलिपाइन्सच्या दक्षिणेला सुलू नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या एका चिमुकल्या बेटावरची ही दर्यावर्दी माणसं. दीडदोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या नुसत्या नावानं लांबलांबचे किनारे थरथरत. हे सगळं मला बारावी नापास साडूकडून ऐकावं लागलं, शेव-उसळ खाताखाता, आणि ती उसळ मला अजून पचलेली नाही.

साडू जन्मभर एका औषधाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. वाडवडील संस्थानच्या फौजेत घोड्यावर, हे पाणीगेटहून कारेलीबागेत आले ते स्कूटरवर. समुद्राशी घराण्याचा काडीचा संबंध नाही. सुरसागर तलावात एकदा पायडलच्या होडीत बसले तर चक्कर येऊन चार जणांनी धरून उतरवलं. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर जुन्या बॉयलरांची चित्रं बघताबघता ते स्पॅनिश आरमाराच्या आगबोटींपाशी पोचले, आणि ह्या आगबोटी कुणावर धाडल्या होत्या ते शोधताना बांगिंगींपाशी. तिथून माणूस परत आलाच नाही. "वारा पडला की शिडाची होडी थांबते, साडूभाऊ. आगबोट थांबत नाही. वाफेनं मारलं त्यांना. म्हणजे आमच्याच खात्यानं," असं ते सांगतात, तेव्हा चेहरा असा करतात की भट्टीत कोळसा यांनीच टाकला होता.

जेवायला बसले की ताटात चटणीची बेटं मांडतात आणि भेंडीच्या फोडींना त्यांच्या त्या 'गराय' नावाच्या होड्या करून वरणातून हाकतात. उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर पतंग काटण्यात दंग, आणि हे बोट ओलं करून वारा बघत उभे. एकदा मला स्कूटरवर मागे बसवून थेट बोरसदच्या बाजूला नेलं आणि तंबाखूच्या शेताच्या बांधावर उभं केलं. कारण काय, तर स्पॅनिश लोकांनी बेटावरच्या गढ्या पाडल्यावर हाती लागलेल्या बांगिंगींना लांब उत्तरेला, तंबाखूच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. "खाऱ्या पाण्याची माणसं, साडूभाऊ. जिकडे बघावं तिकडे पानंच पानं. काय वाटलं असेल?" मला ऊन लागत होतं, एवढंच वाटत होतं. शेतमालक आम्हाला गिऱ्हाईक समजून धावत आला, "काका, जमीन लेवी छे?" साडूंनी त्याला गुजरातीतून सगळी हकिगत ऐकवली. त्यानं खाटल्यावर बसवून चहा पाजला, वर म्हणाला, "बहु खोटुं थयुं." परका शेतकरी हळहळला. मी बी.ए. आहे हे सांगायला मला फटसुद्धा मिळाली नाही.

मी गप्प बसतो असं नाही. एकदा भर पंगतीत म्हटलं, "चाचे होते ते. गावंच्या गावं लुटायचे, माणसं धरून गुलाम म्हणून विकायचे." साडू शांतपणे म्हणाले, "हा ने, विकायचेच. वाईटच ते. मी कुठं त्यांची पूजा घालतोय? पण पुढचं ऐका ने. धरून आणलेल्यातले कितीतरी तिथंच राहिले, वल्ही मारली, लग्नं केली, त्यांची भाषा बोलायला लागले. त्यांच्या पोरांनी पुढं होड्या चालवल्या. धरून आणलेल्याचा नातू पक्का बांगिंगी. कागद लागला नाही, डिग्री लागली नाही." डिग्री म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण ह्या माणसानं माझे वडील पळवले.

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातून तरुणपणी बडोद्याला आले आणि रेल्वेच्या यार्डात चिकटले. त्याआधी ते कौलं वाहणाऱ्या शिडाच्या मचव्यावर होते. हे मला माहीत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माहीत होऊ नये अशी माझीच तजवीज होती. माझं लग्न ठरत होतं तेव्हा, सासरची मंडळी जिना चढत असताना मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, रेल्वे सांगा. होडीचं काढू नका." त्यांनी मान हलवली. आणि त्या दिवसापासून तीस वर्षं खरोखरच काढलं नाही. आम्हा बापलेकांचं बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'गोळी घेतली का'.

तीन वर्षांपूर्वी साडू गोत्रीला आमच्या घरी आले ते काखेत हातभर लांबीची गराय घेऊन. पतंगांच्या काड्या, फाटक्या चटईचं शीड. मला दाखवायला आणली होती, मी लगेच चुका काढायच्या तयारीत. डोलकाठी एक नसून तीन काड्या वर एकत्र बांधलेल्या, तिपाईसारख्या. मी म्हटलं, "ही काय खेळण्यातली काठी?" तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "तीन पाय? मग पुढचा सोडला की काठी आडवी निजेल. वादळात बरं." आम्ही वळून बघितलं. बाबा बोलले होते. साडूंनी मोबाइल काढला, चष्मा वर करून पाच मिनिटं काहीतरी वाचलं आणि उठून बाबांचे पाय धरले. "काका, अगदी असंच करायचे ते. तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सांगितलं.

तेव्हापासून दर रविवारी साडू येतात ते माझ्याकडे नाहीच. "काय साडूभाऊ, मजामा?" एवढं दारात म्हणतात आणि बाबांच्या खोलीत शिरतात. आत हसणं चालतं. मी डिग्रीखाली पेपर धरून बसतो आणि तहान नसताना तीनदा पाणी प्यायला त्या दारावरून जातो. सतराव्या वर्षी बाबा वारा पडल्यामुळे तीन दिवस समुद्रात अडकले होते, मचव्याचा तांडेल भिजवलेले तांदूळ मूठमूठ वाटत होता, हे मी माझ्याच घरात, हातात पेला घेऊन, भिंतीआडून ऐकलं. बायकोला म्हटलं, "बाबा त्यांच्याशी बरे बोलतात." ती भाजी चिरत म्हणाली, "भावोजी विचारतात म्हणून."

गेल्या महिन्यात साडूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि रविवार मोकळा गेला. बाबा सकाळीच दाढी करून, गराय मांडीवर घेऊन बसले होते. मी आत गेलो आणि साडूंच्या खुर्चीत बसलो. होडीचं काढू नका म्हणणाऱ्यानं होडीचं कसं काढायचं? शेवटी मीही बांगिंगींचाच आधार घेतला.

"बाबा, त्या लोकांची शिडं कशाची असायची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा बी.ए.चा निकाल वाचून दाखवला होता तेव्हा असंच बघितलं होतं, नीट कळलं नाही पण चांगलंच असणार, असं.

"तुझ्या साडूंना विचार. ते नीट सांगतील."

मी उठलो नाही. पंखा फिरत होता. त्यांनी बोटानं चटईचं शीड जरा फिरवलं, परत होतं तसं केलं.

"चटईची," ते म्हणाले. मग होडीकडेच बघत, "आमची कापडाची होती."

मी खुर्ची पुढे ओढली.

साडूंचा डोळा आता बरा आहे. येत्या रविवारी येतो, असा काल फोन आला होता. या म्हटलं, बाबा वाट बघतायत. फक्त, जरा उशिरा या.