सड्यावर सोडलेले बैल

तुमच्या गावच्या सड्यावर मोटारींची शर्यत भरवायची, तर परवानगी कोणाची घ्यायला हवी? आमच्या गावात कोणालाच विचारलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीत कॉलेजात होते. राष्ट्रीय अजिंक्यपदाची एक फेरी आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर होणार, असं जाहीर झालं. कातळावर फक्कीने मार्ग आखला, वळणांवर जुने टायर रचले. आमच्याकडे भात झोडून झालं की गुरं मोकळी सोडतात. पुढच्या पेरणीपर्यंत ती सड्यावर चरतात, मागे राखणदार नसतो. शर्यतवाल्यांचा एक साहेब देवळात जमलेल्या गावाला म्हणाला, "दोन दिवस गुरं बांधून ठेवा."

"बैलांनापन नंबर चिकटवा सायेब," मागून कोणीतरी ओरडलं, "दुसरे तरी येतील!" सगळे हसले.

मी हसले नाही. वडील चळवळीतले, त्यांची पत्रकं वाटतच मी मोठी झाले होते. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. शेवटची ओळ ठळक केली: एकही जनावर बांधू नका!

पत्रक गावभर वाटलं. शेजारच्या काकीला वाचता येत नव्हतं. काका गेल्यापासून घरात ती आणि बैलजोडी. तिची भातशेती त्या जोडीवरच चालायची. तिने मला ओट्यावर बसवलं.

"वाच गो बाय, काय लिवलंस त्ये."

मी वाचलं, जोरात. सभेत वाचावं तसं.

"म्हंजे बांदू नको?"

"अजिबात नको, काकी. सडा आपला आहे."

शर्यतीच्या सकाळी मी फलक घेऊन सड्यावर उभी राहिले. सोबत कॉलेजातले तिघे. सडा रिकामा होता. गावाने पत्रक वाचलं होतं आणि गुरं गोठ्यात बांधली होती. मला गावाचा संताप आला. तेवढ्यात करवंदीच्या जाळीपलीकडे काकीचे दोन बैल दिसले. निदान एक घर तरी ताठ उभं आहे, असं वाटून मला आनंद झाला. तो आनंद मी विसरू शकलेले नाही. त्यांना हाकून आणायला वेळ होता. मी जागची हलले नाही.

पहिल्या गाडीच्या आवाजाने बैल बुजले. एक उतारावर पळाला, दुसरा थेट फक्कीच्या रेषेवर आला. गाडीने त्याला मागून उडवलं. चालकाला खरचटलंही नाही. बैलाचे मागचे दोन्ही पाय मोडले होते.

त्याला ताडपत्रीवर घेऊन बाजूला ओढलं. अर्ध्या तासाने शर्यत पुन्हा सुरू झाली. काकी त्याच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून बसली होती, धुरळा दोघांवर बसत होता. दुपारी गुरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि तो शांत झाला.

"बांदू नको लिवलंवतंस ना गो?" काकीने विचारलं. रागाने नव्हे. तिला खात्री करून घ्यायची होती, चूक आपल्या ऐकण्यात तर झाली नाही ना.

मी "हो" म्हणाले.

त्या पावसाळ्यात तिचं शेत पड राहिलं. एका बैलाने नांगर धरता येत नाही.

ती शर्यत चुकीची होती, हे मी आजही म्हणते. तुमच्या सड्यावर आली, तर ग्रामसभेत उभे राहा, विरोध लेखी द्या, पोच मागून घ्या. पण त्या दिवशी गुरं बांधा. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या दारात स्वतः जाऊन एवढं सांगा.