तीन इंजिनांचं विमान

मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात मला घाबरतात, नवरा घाबरतो, खालचा ग्रोसरीवाला मल्याळी भाऊसुद्धा शिळी कोथिंबीर माझ्या पिशवीत टाकायची हिंमत करत नाही. पण स्वतःच्या बापासमोर मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटते. मागच्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे दुबईत, अल बर्शाला होते तेव्हा ही जीभ अशी काही चिकटली, की एका प्लास्टिकच्या विमानाला मध्ये घ्यावं लागलं.

आई गेली आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे पडले. मी जाऊन त्यांना घेऊन आले. घर आवरताना आईच्या कपाटावर, जुन्या चादरींच्या मागे, तो खोका सापडला. त्यावर निळ्या आकाशात झेपावणारं जेट विमान, तिन्ही इंजिनं शेपटीकडे असलेलं. खोक्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पण आतले सगळे भाग जसेच्या तसे, पिशवीत बंद. मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले आणि रडले. आई गेल्यावर जेवढी रडले नव्हते तेवढी त्या खोक्यापाशी रडले.

कारण ते आमचं विमान होतं. माझं लहानपण शारजात गेलं. बाबा एअरपोर्टवर विमानांची दुरुस्ती करायचे, आणि हेच तीन इंजिनांचं विमान त्यांच्या हाताखालून जायचं. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला इंधनाचा वास यायचा. आई नाक मुरडायची, "आधी आंघोळ, मग चहा!" मला मात्र तो वास फार आवडायचा, अजून आवडतो. बाल्कनीत बसलेलं असताना वरून विमान गेलं, की बाबा मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हे आपलं." मी वर बघायचे, आणि खरंच ते आपलंच असायचं.

एका सुट्टीच्या दिवशी शारजातल्या रोला भागातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात त्यांना या विमानाचे किट दिसले आणि त्यांनी दोन घेतले. आई म्हणाली, "दोन कशाला? एक पुरत नाही का घरात पसारा घालायला?" बाबा म्हणाले, "एक शिकायला, एक नीट करायला." मग दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीला, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि आम्ही दोघं बसायचो. मी ब्लेडने भाग कापून द्यायचे, बाबा चिकटवायचे. ट्यूबमधल्या गोंदाने डोकं जड व्हायचं. शिकायचं विमान झालं, वाकडं-तिकडं झालं, माझ्या खोलीत छताला टांगलं, आणि घरं बदलता बदलता कुठेतरी गेलं. नीट करायचं मात्र राहूनच गेलं. मग माझी दहावी आली, कॉलेज आलं, लग्न आलं.

तर तो खोका मी कपड्यांत गुंडाळून अल बर्शाला आणला. बाबांनी तो बघितला, झाकण उघडलं, एक पंख बाहेर काढून उजेडात धरला आणि म्हणाले, "बरं. हे करतो. हे झालं की मी निघतो ठाण्याला."

व्हिसा मी माझ्या स्पॉन्सरशिपवर केला होता, त्यांच्यासाठी खोली लावली होती, पूर्वेची खिडकी दिली होती. आणि हे निघाले! ठाण्यात कोण आहे? घराला कुलूप, आईचा रिकामा पलंग, आणि डब्याचं जेवण. वर त्यांचा गुडघा धड चालत नाही. बाथरूममध्ये पाय घसरला तर दार फोडायला तरी कोण येणार?

नवरा म्हणाला, "सरळ सांग ना त्यांना, इथेच राहा म्हणून."

"असं कसं सांगू?"

"तोंडाने. मला नाही का सगळं तोंडाने सांगत?"

त्याला काय कळणार! त्याच्या घरी सगळे गळ्यात पडून रडतात, भांडतात, परत गळ्यात पडतात. आमच्याकडे असलं काही कधी नव्हतंच. आमच्याकडे माया म्हणजे 'अजून एक पोळी घे', काळजी म्हणजे 'स्वेटर घातलास का'. मी पहिल्यांदा हॉस्टेलला निघाले तेव्हा बाबांनी माझ्या सूटकेसच्या चाकांना तेल घातलं होतं. तोच त्यांचा निरोप. मी त्यांचीच पोर. आणि खरं सांगू का, मला भीती होती. मी राहा म्हणाले आणि ते नाही म्हणाले, तर मग काय करणार?

म्हणून मी माझी अक्कल लढवली. विमान झालं की निघणार ना? मग होऊच द्यायचं नाही.

मला त्यासाठी फार काही करावंच लागलं नाही सुरुवातीला. किट जुना, आणि बाबा पक्के चिकित्सक. पहिल्याच दिवशी पंखावरून बोट फिरवून म्हणाले, "हे काय रिव्हेट आहेत? विमान आहे की पत्र्याची ट्रंक?" खऱ्या विमानाचा पत्रा गुळगुळीत असतो, आणि या किटवर तांदळाएवढी टेंगळं. मग काय, सिंकपाशी उभं राहून ओल्या पॉलिशपेपरने सगळी घासून काढली. त्यांच्याबरोबर पत्र्याचे जोडही पुसले गेले, ते पेन्सिलीत सुई खोचून, पट्टी धरून परत कोरले. मधल्या इंजिनाचं तोंड किटमध्ये नुसतं बुजवलेलं होतं. बाबांना ते बघवेना. "हवा आत कुठून जाणार? याला श्वास कोंडून मारायचंय का?" त्यांनी ते पोखरलं, आणि आत ज्यूसच्या स्ट्रॉची वाकडी नळी बसवली. ती नंतर कोणालाही दिसणार नव्हती.

माझी मुलगी कॉलेजातून आली, डोकावून म्हणाली, "आजोबा, नोबडी विल सी दॅट!"

बाबा म्हणाले, "मला माहिताय ना ती आहे. बस, खलास."

ती हसत खोलीत गेली. मी मात्र बघत राहिले. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ किंचित दाताखाली, तसेच बसले होते बाबा. केस तेवढे पांढरे झाले होते. टेबलावर वर्तमानपत्र नव्हतं, आमच्याकडे आता वर्तमानपत्र येतच नाही, मी जुनी चादर पसरली होती. आणि तरी तो शारजातला शुक्रवारच होता. त्या दोन महिन्यांत मी जेवढी सुखात होते तेवढी कितीतरी वर्षांत नव्हते.

पण हात सराईत, काम सरसर पुढे जायला लागलं. मला धास्ती बसली. मग मी मध्ये मध्ये तोंड घालायला लागले. "बाबा, आत खुर्च्या नकोत का? विमान काय रिकामं उडायचं?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "बघतो." नवऱ्याची मेट्रोची जुनी कार्डं कापून त्यांनी खुर्च्या केल्या, एकेक रांग चिमट्याने बसवली. मग मी म्हणाले, "मागे जेवणाची ट्रॉली, चहाचं यंत्र असतं ना? तेवढं केलं तर!" "बघतो." केलं. "मागचा दरवाजा उघडा दाखवला तर किती छान दिसेल!" त्यांनी दरवाजा कापला, आतल्या बाजूला बिजागऱ्या केल्या. नवरा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "अगं, पडदे शिवायला सांगणार आहेस का आता?" मी म्हटलं, कल्पना चांगली आहे. आणि खरंच सांगितलं.

एकदाच, फक्त एकदाच, बाबा वैतागले. "तुला एकदम एवढा विमानांचा पुळका कुठून आला गं?" मी म्हटलं, "पुळका काय, आपलं विमान आहे." त्यांनी पुढची खुर्ची उचलली.

शेवटी विमानाचे दोन अर्धे भाग चिकटले आणि माझे बहाणे संपत आले. पुट्टी झाली, घासणं झालं, पांढरा रंग झाला. विमानाच्या अंगावर पाण्यात भिजवून चिकटवायच्या निळ्या पट्ट्या असतात, त्यांचा कागद इतक्या वर्षांत हळदीसारखा पिवळा पडला होता. मला आनंद झाला. म्हटलं, चला, आता नवीन मागवायला महिना जाईल! बाबांनी तो कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवला. जुनी युक्ती आहे म्हणे, उन्हाने पिवळेपणा उडतो. दुसरीकडे कुठे कित्येक आठवडे लागत असतील. इथलं मेलं ऊन! हिवाळा असूनही चारपाच दिवसांत कागद पांढराशुभ्र. आयुष्यात पहिल्यांदा मी दुबईच्या हिवाळ्याला शिव्या दिल्या.

पट्ट्या लागल्या त्या दिवशी बाबा जेवताना नवऱ्याला म्हणाले, "पुढच्या आठवड्यातलं मुंबईचं तिकीट बघशील का? सकाळचं बघ."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत होते. म्हटलं, "बाबा, आमटी वाढू अजून?" एवढंच सुचलं. लाज वाटते, पण एवढंच सुचलं.

शनिवारी सकाळी पोहे झाल्यावर बाबांनी चाकं चिकटवली, वाळू दिली. मग आम्हा सगळ्यांना बोलावलं. चादर काढून टेबल स्वच्छ पुसलं आणि विमान दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवलं. काय देखणं दिसत होतं! बारीक निळी पट्टी, मागचा उघडा दरवाजा, आतला इवलासा पडदा. मुलगी "वॉव" म्हणाली. बाबांनी हात काढले.

विमानाने नाक वर केलं, आणि धप्पकन शेपटीवर बसलं.

बाबांनी नाक धरून खाली केलं, हात सोडला. परत धप्प.

आता हे असं होतं का, तर होतं. पुढे चाक असलेल्या विमानाच्या नाकात आधी वजन भरावं लागतं, नाहीतर ते मागे कलंडतं. त्यात हे तिन्ही इंजिनं शेपटीला असलेलं, वर मी मागे अख्खा संसार भरायला लावलेला. किट करणारी नवखी माणसं ही चूक हमखास करतात. पण बाबा? शारजातल्या त्या पहिल्या विमानाच्या नाकात मासेमारीच्या जाळ्याची शिशाची गोळी भरताना मला तराजू समजावून सांगणारे बाबा? ज्यांची सगळी नोकरी विमानाचा तोल सांभाळण्यात गेली ते बाबा?

"वजन घातलं नाहीत?" मी विचारलं.

"विसरलो." चष्मा काढून पुसायला लागले. "वय झालं आता."

"बाबा, माझ्याकडे बघा."

नाही बघितलं. काच पुसत म्हणाले, "आता काय, परत उघडावं लागेल. पोट कापायचं, वजन भरायचं. मग परत पुट्टी, परत रंग, परत पट्ट्या... एकदोन महिने तरी कुठे गेले नाहीत. ते तिकीट नका काढू एवढ्यात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. मी अशी ओरडले की शेजारच्या लेबनीज बाईने नक्की ऐकलं असणार.

"अहो, राहायचं होतं तर राहायचं ना! तिकीट काय काढायला सांगता? माझा जीव टांगणीला लावलात तुम्ही! आणि त्या विमानाला कशाला कापताय परत? राहा ना इथे! मला हवे आहात तुम्ही! कायमचे राहा!"

बोलले आणि माझं मलाच नवल वाटलं. मग रडायलाच लागले, भसाभसा, मुलीसमोर, नवऱ्यासमोर.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो जरा वाकडाच बसला.

"मग हे आधी म्हणायचंस ना," ते म्हणाले. "खुर्च्या लावा, पडदे लावा, दरवाजा उघडा, एवढंच म्हणत होतीस. मला वाटलं, म्हाताऱ्याला कशात तरी गुंतवून ठेवलंय. पाहुण्याने किती दिवस राहायचं?"

"पाहुणे?"

बाबा मग टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत, खालच्या आवाजात म्हणाले, "जेवलात का, गोळी घेतली का, सगळे विचारतात गं. तुझी आई गेल्यापासून मला 'राहा' असं कुणी म्हणालंच नव्हतं."