शनिवारचे फुटके मोदक

आज एक सप्टेंबर. गणपतीच्या ऑर्डरींसाठी हळदीची पानं धुवायला घेतली आणि त्या वासासरशी इकडे परदेशातलं, जुरोंग ईस्ट स्टेशनजवळचं आमचं पहिलं किचन आठवलं. केटरिंगचा धंदा माझा, मला धरून आम्ही चार बायका, आणि उकडीचे मोदक यायचे फक्त आमच्यातल्या रत्नागिरीच्या काकूंना. उद्या त्या आजारी पडल्या तर? म्हणून मी नियम केला: दर शनिवारी प्रत्येकीने दुसरीचा पदार्थ करायचा, आणि बिघडला तर जेवायला तोच. "म्हणजे शनिवारी फुटके मोदक गिळायचे म्हणा की!" काकू म्हणायच्या, पण कुरकुरत का होईना, शिकवायच्या. पुढे ऐन चतुर्थीच्या सकाळी त्या घसरल्या आणि उजवं मनगट मुरगळलं. दुपारच्या आरतीला एका काँडोत, म्हणजे फ्लॅटच्या मोठ्या सोसायटीत, मोदक पोचायचे होते. ती ऑर्डर हुकली असती तर पुन्हा आम्हाला कोणी विचारलं नसतं. तेव्हा आमच्यातल्या त्रिचीच्या बाईने उकडीची परात पुढे ओढली. "टेन्शन मत लो, अक्का," मला म्हणाली आणि कळ्या पाडायला लागली. पहिली खेप उकडून निवल्यावर काकूंनी डाव्या हाताने एक मोदक उचलला आणि सगळीकडून फिरवून पाहिला. कुठेही चीर नव्हती. "बये, माझ्या पोटावर पाय दिलास गं!" त्या हसल्या खऱ्या, पण बघत होत्या माझ्याकडे. आरतीआधी डबे पोचले आणि संध्याकाळी त्याच काँडोतून नव्या ऑर्डरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना सांगितलं, "पगार तोच, काम बदललं. आता तुम्ही शिकवायचं," आणि पीठ चाळून पहिली मीच त्यांच्यासमोर शिकायला बसले.