ताम्हणातले वीस पैसे

सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चहात साखरेऐवजी मीठ पडता पडता राहिलं, पहिली पोळी तव्यावर काळी झाली, आणि मी आपली हसतेच आहे! आमच्या भिलाईत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात चक्क माझं टेबल होतं. याआधी मी अशा प्रदर्शनांत पर्स सांभाळत नुसती बघत फिरायची. या वेळी मी संग्राहक! गळ्यात घालायचं कार्ड आदल्या दिवशीच मिळालं होतं. ते घालूनच मी भाजी फोडणीला टाकली.

"कलेक्टर मॅडम, डबा भेटन का आज?" आमच्या ह्यांनी विचारलं. ते स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, सकाळच्या शिफ्टला निघाले होते. मी तोऱ्यात डबा हातात ठेवला. त्यात नुसत्या पोळ्याच होत्या, भाजी कढईतच राहिली होती, हे नंतर कळलं.

माझा संग्रह म्हणजे सोन्याच्या मोहरा वगैरे नाही हो. आपले पैसे. पाच पैशांची चौकोनी पंजी, दहा पैशांची कातरलेल्या काठाची दस्सी, तीन पैशांचं सहा कोनांचं नाणं, असली सगळी ॲल्युमिनियमची मंडळी. पण माझा एक हट्ट आहे. विकत घेतलेलं नाणं मी ठेवत नाही. जे आमच्या घरच्या माणसांच्या हातून गेलंय तेच. सगळ्यात पहिली माझी पंजी. माझे बाबा रेल्वेत होते, आम्ही भिलाई-3 ला राहायचो. शाळेत जाताना बोरं घ्यायला बाबांनी मला ती दिली, इतकी कोरी करकरीत की मी बोरंच घेतली नाहीत. मैत्रिणी बोरं खात होत्या आणि मी पंजीकडे पाहात होते. बाबा गेले, पंजी अजून तशीच चकाकते. तिला मी कधी उघडा हात लावत नाही. संग्राहकाने लावायचाच नसतो, घामाने डाग पडतो.

लग्न होऊन प्लांटच्या सेक्टरातल्या ह्या क्वार्टरात आले तेव्हा माझ्या नाण्यांचा डबाही माझ्यासोबत आला. आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, काय केलं असेल? फुटक्या पातेल्यासोबत तो डबा भंगारवाल्याला देऊन टाकला! ॲल्युमिनियम आहे ना, वजनावर जातं. मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सोडून ठेल्यामागे रस्त्याच्या टोकापर्यंत धावले आणि तराजूतून डबा हिसकावून आणला. तेव्हापासून माझ्या संग्रहाला आमच्या घरात एकच नाव. "तुह्यं ते भंगार उचल वं टेबलावरून, जेवाले बसाचं हाय." मुलांची लग्नं झाली, माझे केस पिकले, पण भंगार ते भंगारच. मला बाकी कोणाचं काही वाटत नाही. ह्या एका बाईने एकदा तरी डोळे भरून माझी नाणी पाहावीत, एवढंच मला हवं होतं.

आता गंमत अशी, की माझ्या पैशांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. वीस पैशांचं ते पिवळंधम्मक नाणं, ज्यावर कमळ आहे. ते आमच्या घरात होतं, आणि कुठे होतं? आईंच्या देव्हाऱ्यात! सासरे भंडाऱ्याकडचं गाव सोडून इथे आले, प्लांटात कायम झाले, तेव्हाच्या पहिल्या पगारात ते नाणं आलं. आईंना वाटलं सोन्याचं. सासऱ्यांनी सांगितलं, पितळेसारखं काहीतरी आहे. त्यावर आई म्हणाल्या, "कमळ हाय न? मंग लक्ष्मी हाय." तेव्हापासून दर दिवाळीत त्याला हळद-कुंकू. धुवायचं नाही, पुसायचं नाही. थरावर थर बसून कमळ केव्हाच दिसेनासं झालंय.

ते नाणं मागायला मी किती दिवस आईंच्या मागे लागले होते! पाय दाबून दिले, पाटवड्या करून घातल्या. शेवटी एकदाच्या त्या वैतागल्या.

"ने बाप्पा, ने. पण दिवा लावाच्या आंदी मले देवात पायजे. अन् तिले उघड्या टेबलावर नको ठेवजो. लक्ष्मी हाय ते. ताम्हणात तांदूळ घे, तांदळावर बसव."

"हो आई."

"फूल बी ठेवजो."

"हो आई, हो!" मी आनंदात वाटेल त्याला हो म्हणाले असते.

आणि मी तसंच केलं. हॉलमध्ये शिरले तर केवढी ती झगमग! रायपूरचे, नागपूरचे व्यापारी, काचेच्या पेट्या, डोळ्याला भिंग लावून वाकलेली माणसं. माझं टेबल कोपऱ्यात, पंख्याखाली. मी निळा कपडा अंथरला, एकेका नाण्याखाली चिठ्ठी लावली, कोणाच्या हातचं, कधीचं. पांढरे हातमोजे चढवले. मधोमध ताम्हण, त्यात तांदूळ, त्यावर कुंकवाने माखलेले वीस पैसे आणि शेजारी झेंडूचं एक फूल. मागे सरकून पाहिलं. असं सुंदर टेबल अख्ख्या हॉलात नव्हतं, मी अगदी खरं सांगते.

पहिल्यांदा आली ती एक छत्तीसगढी बाई, अंगठ्याएवढी नथ घातलेली. तिने पंजी पाहिली नाही, दस्सी पाहिली नाही. थेट ताम्हणासमोर उभी राहिली, चप्पल काढली, "जय हो लछमी दाई" म्हणाली आणि एक रुपया तांदळात टाकून पुढे गेली. मला हसू आवरेना. मी तो रुपया उचलणार, तेवढ्यात तिच्या मागच्या बाईने दोन रुपये टाकले. तिच्या मागच्याने हात जोडले आणि कपाळाला लावायला कुंकू कुठे आहे म्हणून मलाच विचारलं. "भाऊ, हे प्रदर्शन आहे, नाणं बघा," मी सांगत होते. "हां हां, दर्शन ही तो कर रहे हैं," तो म्हणाला.

झालं! रांगच लागली. नागपूरच्या व्यापाऱ्याची काचपेटी सोडून लोक माझ्या कोपऱ्यात. चपलांचा ढीग पडला. कोणीतरी उदबत्ती लावली, ती कुठून आली देव जाणे. आयोजक धावत आले, बिचाऱ्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"मॅडम, ये प्रदर्शनी है, मंदिर थोड़ी है!"

"भाईसाब, मैंने किसी को बुलाया क्या?" मी म्हणाले, आणि मला इतकं हसू फुटलं की तेही हसायला लागले. पोटात गुदगुल्या होत होत्या. मी पदराने डोळे पुसतेय, लोक पैसे टाकताहेत, शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणतात, "बेटी, अगले साल मेरे को भी थोड़ा चावल देना."

हसता हसता ताम्हणात पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं. सुट्ट्या पैशांचा ढीग झाला होता, तांदूळ बाहेर सांडले होते, आणि माझे वीस पैसे कुठेच दिसत नव्हते. मी हातमोजे घातलेल्या बोटांनी चाळायला लागले. कोणीतरी वरून कुंकूही वाहिलं होतं, त्यामुळे सगळंच लालपिवळं, सगळंच गोल. दहाची नाणी, पाचची नाणी. कोणी प्रसाद म्हणून उचलून तर नाही नेलं? दिवा लावायच्या आधी देवात पाहिजे! 

आणि नेमक्या त्याच वेळी दारात कोण? आमचे हे, शिफ्ट सुटून आलेले, हातात रिकामा डबा. आणि त्यांच्या खांद्याला धरून आई.

"घरी बसवतच नव्हतं आईले," हे म्हणाले. "लक्ष्मीचं कसं काय हाय, म्हणे. अन् तू मले नुसत्या पोळ्या देल्ल्या."

आई रांग तोडून आल्या. त्यांनी ढीग पाहिला, माझं तोंड पाहिलं. सगळं समजलं त्यांना. आता फाडून खातील, असं वाटून मी डोळेच मिटले.

"ते हातमोजे काढ आंदी. आपरेशन करून राहिली का?" त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. मोतीबिंदूने त्यांना धड दिसत नाही. ताम्हण मांडीवर घेतलं, ढिगात हात घातला आणि अंगठ्याने एकेक नाणं चाचपत गेल्या. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. मग हात थांबला. "हे पाय. इतकी वर्सं कुंकू लावून राहिली मी हिले. मले नाही समजन?"

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना तिथेच मिठी मारली. "सोड वं, लोक पाहून राहिले," त्या म्हणाल्या, पण त्यांनी काही मला ढकललं नाही.

मग टेबल त्यांचंच झालं. "चप्पल तिकडे!" "एक एक या!" येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्या पगाराची गोष्ट, निम्मी मराठीत, निम्मी हिंदीत. नागपूरच्या व्यापाऱ्याने हळूच विचारलं, देता का नाणं. आईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लक्ष्मी इकतेत का तुमच्या घरी?" तो कान पकडून गेला. जमलेल्या पैशांचे पेढे आणायला त्यांनी ह्यांनाच पिटाळलं, देवाचा पैसा घरी न्यायचा नसतो म्हणून. सगळ्या टेबलांवर पेढे वाटले. व्यापारी मंडळी हातमोजे काढून पेढा खात होती आणि नाण्यांना बोट लागू नये म्हणून हात वर धरून उभी होती. मला पुन्हा हसू फुटलं.

गर्दी ओसरली तसं आईंनी शेजारच्या आजोबांचं भिंग मागून घेतलं आणि वाकून माझी नाणी पाहायला लागल्या. एकेक. दस्सीपाशी म्हणाल्या, "हिच्यात मिठाची पुडी येत होती." पंजीपाशी थांबल्या. खालची चिठ्ठी मला वाचायला लावली. मी वाचली, "बाबांनी बोरांसाठी दिलेली."

"हेच होतं का त्या डब्यात? मी भंगारात टाकलं होतं ते?"

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा पंजीवर वाकून पाहिलं. भिंग आजोबांना परत दिलं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. आईंनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यात ताजे तांदूळ पसरले, वीस पैसे जागेवर बसवले. मी निरांजनात वात घालत होते.

"आन ते चौकोनी."

"काय?"

"तुह्यं ते. बोरांचं. आन इकडे."

मी प्लॅस्टिकच्या पाकिटातून पंजी काढली. आईंनी ती कमळाशेजारी तांदळावर ठेवली आणि कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला.

"तुह्या बापाच्या हातचं हाय न? मंग ते डब्यात काऊन? लाव."

माझ्या संग्रहातलं सगळ्यात पहिलं, सगळ्यात कोरं नाणं. आता रांगेत कमळाच्या जोडीला पंजीचीही जागा रिकामी राहणार होती. कुंकू एकदा लागलं की निघणार नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मला हसू येत होतं आणि नाकही गळत होतं.

मी करंड्यात बोट बुडवलं आणि लावलं.