देवाशी घासाघीस

मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या घरात रोज बाजार भरायचा. मासळी मात्र एकही नसायची. आई बाजल्यावर पडलेली आणि समोर मी तिची मासळीची पाटी घेऊन बसलेली. पाटीतल्या करवंट्या म्हणजे बांगडे, आमटी वाढायची डवली म्हणजे सुरमई आणि वडिलांची सणासुदीची चप्पल म्हणजे पापलेट. एकदा लग्नाला निघालेले वडील एका पायात चप्पल घालून दुसरी घरभर शोधत होते. आई म्हणाली, "ता पापलेट आसा. भाव ठराक नाय अजून."

दिवाळीपासून छातीच्या दुखण्याने तिला धरलं होतं. दारोदार मासळी विकणारी बाई, ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर वडिलांना अंगणात नेऊन हळू आवाजात बोलले, तेवढ्यावरून आई सगळं समजली. दुसऱ्या दिवशी तिने मला धंदा शिकवायला घेतला. वडील म्हणाले, "चेडू लहान आसा गो." त्यावर ती म्हणाली, "ता मोठा होयसर थांबाक माका येळ नाय."

गिऱ्हाइकं सगळी आईच व्हायची. मास्तरीणबाई झाली की शुद्ध बोलायची, "ताजे आहेत ना गं?" आणि करवंटी नाकाला लावायची. मध्येच खोकल्याची उबळ आली तर ती ओसरेपर्यंत मी पाटी झाकून बसायची, कारण गिऱ्हाईक खोकत असताना भाव सांगू नये, असा तिचा नियम होता. मी खऱ्या भावात माल देऊन टाकला की मास्तरीणबाईच मला टपली मारायची.

"खरो भाव पयलो सांगलंस तर बुडालंस," आई सांगायची. "आधी चार फालतू गोष्टी म्होरे कर. गिराईक त्यो तोडता आणि आपणाक व्हया ता रवता. तरीय जमला नाय तर पाटी उचल आणि चलाक लाग. हाक मारता."

औषधाने उतार पडेना, तेव्हा वडिलांनी ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरवलं. नारळ धरून मी बरोबर गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या बायेक बरी कर रे म्हाराजा," आणि जमलेली मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मला घामच फुटला. पहिल्याच वाक्यात खरा भाव! ही माणसं माझी आई घालवणार असं मला खरोखर वाटलं. मी पुढे घुसले आणि देवाला म्हटलं, "बापाशीक नवी होडी दी."

"व्हय म्हाराजा," मंडळी सवयीने म्हणाली.

"माका सोन्याच्यो कुड्यो दी."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या मास्तरांची बदली कर." या वेळी होकार जरा जोरातच आला. मग मी हळूच म्हटलं, "आणि कायच जमणा नाय तर आयेक बरी कर."

गुरवाने देवाच्या पाषाणावर पाकळ्या लावल्या. डावी पाकळी पडली, म्हणजे देव नाही म्हणाला. वडिलांचा चेहरा उतरला. मी मात्र डगमगले नाही. "परवडणा नाय तर रवांदे," असं म्हणून मी नारळ उचलला आणि देवळाबाहेर चालू लागले. हळूहळू, देवाला हाक मारायला सवड मिळावी म्हणून. हाक आली ती वडिलांची, आणि रागाच्या भरात त्यांनी माझा बापही काढला.

घरी त्यांनी आईपुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. आई हसली, खोकली, पुन्हा हसली. मग तिने मला जवळ ओढलं.

"माका सगळ्यात शेवटाक ठेवलंस?"

"तूच सांगलंस मा तसा."

तिचे डोळे भरले. मला कळेना, कारण मी तर धडा बरोबर गिरवला होता.

"ता धंद्यात," ती म्हणाली. "आपल्या माणसाकडे सरळ मागूचा. माग बघया, काय व्हया तुका."

मी म्हटलं, "तू जाव नको."

"बरां," आई म्हणाली.

तोंड वाकडं नाही, घासाघीस नाही, लगेच कबूल. मला इतका आनंद झाला की मी तो देवाचा नारळ फोडून खोबरं खात बसले.

आई शिमग्याआधीच गेली. पुढे मी पाटी घेऊन दारोदार फिरू लागले तेव्हा मला कळलं, पहिल्याच भावाला बिनबोभाट हो म्हणणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा द्यायला काहीच नसतं.