आप्पांची भीती

मार्गशीर्षात कंग्राळीच्या शेतांतून रताळी निघू लागली, की ओल्या तांबड्या मातीचा गोडसर गंध वाऱ्यावरून बेळगावातल्या आमच्या घरापर्यंत येतो. पूर्वी त्या गंधामागोमाग माझे सासरे, आप्पाही यायचे, आणि माझी जुई शाळेचं दप्तर टाकून त्यांच्या खांद्यावर चढायची. गेल्या वर्षी त्यांची स्मृती विझू लागली, तसं आम्ही त्यांना गावाहून कायमचं इकडे आणलं. दिवसभर ते शांत असत. पण उन्हं कलली, भिंतीवरचा पिवळा प्रकाश मावळू लागला, की कसलीशी अनामिक व्याकुळता त्यांच्या अंगात शिरे. धारा काढायच्या राहिल्यात, म्हसरं खोळंबलीत, असं म्हणत ते दाराकडे धावत आणि आडवं येईल त्याच्यावर ओरडत. गोठा रिकामा होऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

अशाच एका तिन्हीसांजेला जुई त्यांच्या वाटेत उभी राहिली. तो त्या दोघांचा जुना खेळ होता. तिनं दार अडवायचं आणि त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवायचं. त्या दिवशी त्यांनी तिला ओळखलं नाही. ढकललं. उंबऱ्यावर आपटून कपाळाला खोक पडली, ती यथावकाश भरूनही आली. पण सात वर्षांची माझी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, आणि बाहुलीला दटावताना तिच्या तोंडून आप्पांचेच शब्द बाहेर पडू लागले.

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला समजावलं, की मनात उठणाऱ्या कल्लोळाला नाव मिळालं म्हणजे मूल त्याच्यापुढे एकटं उरत नाही. मग मी रोज तिला कुशीत घेऊन विचारत राहिले. आधी ती पोट दुखतं म्हणायची, नंतर राग येतो म्हणायची. एकदा गळ्याखाली हात ठेवून म्हणाली, "हितं घट्ट होतंय, आप्पा उठले की." त्याला भीती म्हणतात आणि भिण्यात वाईट काही नसतं, असं मी तिला सांगितलं. गरम दुधावर फुंकर घालावी तसा श्वास हलकेच सोडायचा, हे आम्ही दोघी मिळून शिकलो.

पौषातल्या एका संध्याकाळी आप्पा कडी लावलेल्या दाराशी झटत होते. माझ्या पाठीमागून जुई पुढे आली आणि अगदी स्पष्टपणे म्हणाली, "आप्पा, मला तुमची भीती वाटती."

ते थांबले. आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला बी लई वाटती गं."

तिनं त्यांचा हात धरून त्यांच्याच गळ्याखाली ठेवला आणि फुंकर कशी घालायची ते दाखवलं. आयुष्यभर बैलांना आणि माणसांना दरडावलेला तो म्हातारा, नातीकडे पाहत पाहत, श्वास सोडायला शिकला. मी भिंतीला टेकून रडले, आणि वेड्यासारखी आशा धरून बसले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यातलं काहीच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. जुईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला. पुढचे कित्येक दिवस ती चिकाटीनं प्रयत्न करत राहिली. शेवटी तिनं मला विचारलं, की नाव सांगितलं तरी आप्पांची भीती का जात नाही? त्यांना सांगितलेलं राहत नाही, एवढंच मी म्हणू शकले. मग रोज नवीन भीती वाटत असेल का, असं तिनं विचारलं, तेव्हा मी तिला कुशीत ओढून घेतलं.

त्यानंतर ऊन उतरलं, की ती आपणहून पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. अंथरूण कोरडं राहू लागलं. बाई म्हणाल्या, मुलगी छान सावरली.

परवा सकाळी कोवळ्या उन्हात बसलेल्या आप्पांनी शाळेला निघालेल्या तिला मायेनं विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, एखाद्या परक्या पाहुण्याला सांगावी तशी, नीट, नम्रपणे. मग बुटाचा बंद आवळून ती रस्त्याला लागली. तिच्या चेहऱ्यावर भय नव्हतं, आणि मी कितीही शोधलं तरी दुःखही दिसलं नाही. भीती तिला सोडून गेली होती. जाताना त्या भीतीनं आणखी काय काय बरोबर नेलं, हे लेकीला विचारायचं धैर्य मला अजून होत नाही.